तीन बोटं आखूड

माझी लेक सोमवारी नोकरीला लागणार होती आणि पहिल्या दिवशी काय घालायचं हे तिने विचारलं कोणाला, तर तिच्या बापाच्या नव्या बायकोला. तेवीस वर्षं मी लोकांचे कपडे बेततेय. लग्नाचे, मुलाखतीचे, घटस्फोटाच्या तारखेला घालायचेसुद्धा. पण सख्खी पोर सल्ल्याला गेली ती त्या टापटीपकडे. मी तिला टापटीपच म्हणते. नाव घेतलं की दिवसभर तोंड कडू होतं.

माझं शिलाईचं दुकान तळघरात आहे. सात पायऱ्या उतरून यायचं. खिडकीतून दिसतात ते फक्त रस्त्यावरच्या लोकांचे पाय, त्यामुळे माणूस मला आधी बुटांवरून कळतो. पाटीवर फोन नंबर नाही. मशिन चालू असताना फोन कोण उचलणार? ज्याला काम आहे तो पायऱ्या उतरतो.

शुक्रवारी दुपारी लेक उतरली आणि पिशवीतून जीन्स काढून टेबलावर पसरली. हिरवी. पोपटी नव्हे, गडद, जुन्या बाटलीच्या काचेसारखी. मी कापड चिमटीत धरून बघितलं आणि जीव जळला, कारण कापड उत्तम होतं.

"मावशीने निवडली," लेक म्हणाली.

मावशी! माझ्या बहिणीला जी हाक मारायची, तीच हिला.

"वर काय घालणार? तो तुझा काळा टॉप आहे बघ."

"काळा नको म्हणाली ती. त्याने हिरवा विझून जातो. वर सायीच्या रंगाचा शर्ट, नाहीतर फिकट निळ्या रेघांचा. तो आत खोचायचा, पट्टा तपकिरी. आणि जीन्स पायात सैल आहे, तर वरचं अंगाबरोबर हवं. दोन्ही ढगळ घातलं की माणूस हरवतो म्हणे."

पोर धडा म्हणून दाखवत होती आणि मला त्यात एक चूक काढता येईना. गिऱ्हाइकांना मीही हेच सांगते. मग तर तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळं घरात असताना ही बाहेर शिकायला गेली!

"आणि पायात?"

"तिच्या टाचांच्या सँडल. तिने दिल्यात."

"मी घेतलेले बूट?" नोकरी पक्की झाली त्या दिवशी मी तिला तपकिरी चामड्याचे, बिनटाचेचे बूट घेतले होते. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून.

"ते रोज घालतेच ना, आई. हे फक्त पहिल्या दिवसापुरतं."

पँटची उंची घ्यायची ती जे घालणार ते पायात चढवूनच. टाच बदलली की उंची बदलली, हे शिंप्याच्या पोरालाही कळतं. लेक त्या सँडल घालून स्टुलावर उभी राहिली. मी खाली बसून टाचण्या लावल्या, खडूने रेघ मारली. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काय काय बोलले असते देव जाणे. वर बघितलं तर पोर आरशात स्वतःकडे बघून हसत होती. दिसत होती छान. माझ्यामुळे नाही.

ती गेली. मी जीन्स टेबलावर घेतली. सँडलच्या मापाची रेघ पांढरी, सरळ, स्वच्छ. मी तिच्या वर तीन बोटं दुसरी रेघ मारली, बिनटाचेच्या बुटांची. आणि तिथल्या हिशेबाने कात्री चालवली. तेवीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या मापाच्या बाहेर माझी कात्री कधी गेली नव्हती. कापलेलं कापड परत लांब होत नाही, हे मला नको का माहीत? माहीत होतं म्हणूनच कापलं. घाल म्हटलं आता तिच्या सँडल.

शनिवारी खिडकीत चार पाय थांबले. दोन मी घेतलेल्या बुटांतले, दोन राखाडी बुटांतले, एक कण धूळ नाही. मी समजले.

"ताई, नमस्कार," टापटीप म्हणाली. मी कुठली हिची ताई? पण मानेनेच बसा म्हटलं. लेक जीन्स आणि शर्ट-पट्टा-सँडलची पिशवी घेऊन पडद्यामागे गेली.

टापटीप टेबलाजवळ उभी राहिली. तिथे कालच्या कापलेल्या दोन पट्ट्या तशाच पडल्या होत्या. पसारा आवरायचा राहिला, हा माझा गाढवपणा. तिने एक पट्टी उचलली. पट्टीवर मधोमध पांढरी रेघ होती, सँडलची. जी रेघ पँटवर राहायला हवी होती, ती कचऱ्यात निघाली होती. तिने रेघेवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि पट्टी गुपचूप पर्समध्ये टाकली.

पडदा सरकला. लेक सँडलवर उभी होती आणि जीन्स घोट्याच्या वर लटकत होती, पोराची उंची वाढून पँट तशीच राहावी तशी.

"आई! अगं, आखूड झाली!"

मी टाचण्यांची डबी जवळ ओढली.

"अगं, मीच काल फोन केला होता आईंना," टापटीप म्हणाली. "म्हटलं, बुटांच्या मापाने करा. दिवसभर त्या टाचांवर कशी उभी राहशील? तुला सांगायचं राहिलं बघ."

लेकीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्टुलावर बसून सँडल काढल्या, मी घेतलेले बूट घातले आणि आरशासमोर उभी राहिली. जीन्स बुटावर बरोब्बर टेकली. सायीच्या रंगाचा शर्ट, तपकिरी पट्टा, तपकिरी बूट. असं वाटलं, बुटांसाठीच सगळं बेतलं होतं.

लेकीच्या कपाळाला आठी होती. रुसली होती, तीही टापटीपवर! मला जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. मी गप्प बसायचं, बस्स.

पण ती बाई पुढे झाली, लेकीची बाही दोनदा दुमडली आणि म्हणाली, "आईंचं काम म्हणजे काम." कपड्यांत ही पुढे, नवऱ्यात पुढे, आणि आता चांगुलपणातही हीच पुढे? माझं पाप ही पर्समध्ये घालून घरी नेणार आणि मी जन्मभर हिच्या उपकाराखाली? अजिबात नाही.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. "हिने फोनबिन काही केला नाही. मी कापली. मुद्दाम. तू तिच्या सँडल घालू नयेस म्हणून."

मशिनवरचा छोटा दिवा चालूच राहिला होता. मी तो उगाच बंद केला.

"माहीत आहे," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फोन केला नाही ते. ती करेल कशी? तिच्याकडे तुझा नंबरच नाही. चार वर्षांपूर्वी मी देऊ का म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, खबरदार."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. टापटीप पायऱ्यांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. पहिल्यांदाच ती मला जरा विस्कटलेली दिसली.

मी टेबलावरची दुसरी पट्टी ओढली, खडू घेतला. गडद हिरव्यावर खडू छान उठतो. त्या रेघेच्या खाली माझा नंबर लिहिला आणि पट्टी टापटीपपुढे सरकवली.

"मशिन चालू असलं तर मी उचलत नाही," मी म्हणाले. "परत लावायचा."