भेकर ओरडतंय तोवर

भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, काढायला रानात गेलेला लखू संध्याकाळी परतला नाही. अणशीजवळच्या त्याच्या वाडीतली माणसं उजेड असतानाच, तो जायचा त्या घळीच्या तोंडाशी पोचली. उतरणार, इतक्यात खालून भेकर ओरडलं. सगळे जागीच थबकले.

भेकर, ते कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण, ओरडलं की वाघ जवळ आहे, हे इथे पोरांनाही ठाऊक. अशा वेळी हाक मारायची नाही, आवाज न करता मागे फिरायचं, हा रिवाज. त्यातून आठवड्यापूर्वीच वाघाने वाडीतली म्हैस मारली होती.

"एक हाक तर मारू," लखूची बायको शांती म्हणाली.

"गप," गुणा पुटपुटला. वाडीत रानाची जाण त्याच्याइतकी कुणाला नव्हती. "वाघ हाय खाली."

"गुणाण्णा, माणसाला बघून पण भेकर ओरडतं की."

"मग उतर की वहिनी," शेजारचा नागराज दबक्या आवाजात म्हणाला. "वाघ घरात असला तर चा पिऊन ये."

कुणी हसलं नाही. माणसं परतली.

सकाळी पुन्हा गेली. भेकर पुन्हा ओरडलं, थांबलं, परत ओरडलं. आता गुणाला शंका उरली नाही. वाघ शिकारीवर बसलाय, म्हणजे लखू संपला. बायकांनी शांतीला दंडाला धरून माघारी आणलं. वाटेत एकीची नजर तिच्या बांगड्यांवर गेली.

दुपारी घळीतला आवाज बंद झाला. "वाघ उठला," गुणा म्हणाला, आणि माणसं खाली उतरली.

लखू कड्याखाली पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं. अंगावर नखाचा ओरखडा नाही, आसपास वाघाचा ठसा नाही. पाल्यात सरपटल्याची लांब वाट होती. तो हलला की भेकर बिचकत असणार. वरून हाक आली असती तर त्याने ओ दिली असती का, हे आता कळायचं नाही. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

सुतकात गुणा दारी आला.

"भेकरानं आमाला कधी फसवलं न्हाई, शांती. दर खेपेला माघारी फिरलो, म्हणून जगलो."

"दर खेपेला खाली वाघच हुता?"

"हुताच की."

"उतरून कुणी बघितलं, अण्णा?"

गुणाने अंगणात बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाघ बघूनच लखू कड्यावरनं पडला आसंल."

"व्हय व्हय," अंगणातली माणसं म्हणाली.