कारणाचा रकाना

तिने तीन थकीत कर्जांचे कागद टेबलावर पसरले आणि शेवटच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही तुमची सही?"

"हो, मॅडम," खात्यातला रेडिओ मेकॅनिक म्हणाला. कागदाकडे न बघताच.

गुप्त विभागात कुणाला घेण्याआधी त्याचं सगळं आयुष्य उलटंपालटं करून बघायचं, हे तिचं काम. सव्वीस वर्षं करत होती. खात्यात तिला मागून 'चाळणी' म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आवडायचंही. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला कुणीही विकत घेऊ शकतो, म्हणून थकबाकी दिसली की बरेच अर्ज तिथंच अडकत. या मेकॅनिकने मात्र तिन्ही कर्जं स्वतःहून लिहिली होती. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: घरखर्च. तिने त्याच्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं. एवढा पैसा या माणसाने उडवलेला नाही, एवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याच्या वडिलांच्या दुकानात गेली. म्हातारा शिंपी मशीनवर बाही जोडत होता. तिने कर्जाचा विषय काढताच त्याचे पाय थांबले.

"ती कर्जं त्याची नाहीत," तो म्हणाला. "दुकान वाचवायला मी काढली. त्याच्या नावावर. सह्याही मीच ठोकल्या. त्याला कळलं तेव्हा बँकेचा माणूस दारात उभा होता."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. जेवायला बसला. तेव्हापासून जमेल तसं भरतोय." त्याने बाहीवरचा दोरा तोडला. "हे मी लिहून दिलं तर त्याचं काम होईल ना?"

असा जबाब दिला तर कर्ज मुलाच्या डोक्यावरून उतरलं असतं, पण अर्जात खोटं लिहिल्याचा ठपका बसला असता. बापावर खटलाही झाला असता. तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने गळ्यातली टेप काढून ठेवली, कागद पुढे ओढला आणि एकही खाडाखोड न करता लिहून काढलं.

दुपारी मेकॅनिकने तो जबाब दोनदा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"अहवाल अजून वर गेलेला नाही," ती म्हणाली. "तोवर अर्जात दुरुस्ती करता येते."

"बाबा अडकतील."

"त्यांची तयारी आहे. तुम्ही त्यांना झाकताय हे ज्याला कळेल, तो तेवढ्यावर तुम्हाला हवं तसं नाचवेल. मला कर्जाची काळजी नव्हती, याची होती."

त्याने अर्ज मागून घेतला. मग त्याने 'घरखर्च'वर एक सरळ रेघ मारली आणि खाली चार ओळी लिहिल्या.

"उद्या सुट्टी मिळेल का?" त्याने पेन ठेवत विचारलं. "बँकेत हे सांगायला त्यांच्याबरोबर जावं म्हणतो. एकटे नकोत."

"ते सकाळीच गेलेत. मी निघाले तेव्हा बँकेत जायला दुकानाला कुलूप लावत होते."

तो ताडकन उठला. आपल्या अर्जाचं पुढे काय, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. जिन्यावरून धावत उतरणारी त्याची पावलं ऐकू येत असतानाच तिने अहवाल पुढे ओढला. शिफारस लिहायला तिला फार वेळ लागला नाही.