मस्यो आओ

धुकं विरत होतं. व्होज पर्वताच्या पाइनगंधी, नीलश्यामल उतारांवरून ते सावकाश, सावकाश खाली सरकत होतं, दरीत क्षणभर रेंगाळत होतं, आणि कोवळ्या उन्हाचा स्पर्श होताच नाहीसं होत होतं. शरदाची सकाळ होती ती. स्वच्छ, शीतल, सोनसळी. फ्रान्सच्या पूर्वेकडचा हा डोंगराळ मुलूख अशा सकाळी फार देखणा दिसतो, आणि ते त्याला ठाऊकही असतं.

दरीच्या तळाशी रोशमीन नावाचं गाव निवांत पहुडलं होतं. गुलाबी दगडांची घरं, घरांना हिरव्या झडपांच्या खिडक्या, खिडक्याखिडक्यांतून ओसंडणारी लालभडक फुलं, आणि मधोमध एक अरुंद, अल्लड, बडबडी नदी. गावाच्या पाठीशी, डोंगराच्या पोटात, चारशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या खाणी होत्या. चांदी केव्हाच संपली. पोकळी तेवढी उरली, आणि आता ती पाहायला माणसं लांबून येतात.

त्या दिवशी नऊच्या गाडीतून दोन माणसं उतरली. पुढे गुणवंतराव पिदूरकर. चंद्रपूरकडच्या एका कोळसाखाणीतून ते ओव्हरमन म्हणून, म्हणजे खाली उतरणाऱ्या तुकडीचे प्रमुख म्हणून, निवृत्त झालेले. कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, आणि आभाळात ढगाचा ठिपका नसताना हातात छत्री. मागे त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई. जांभळी साडी, साडीवर लेकीचा ढगळ कोट, पायांत लेकीचेच बूट. लेक प्रणिता स्ट्रासबुर्गला इंजिनिअर होती. तिला रजा नव्हती, म्हणून तिनं दोघांना गाडीत बसवून दिलं आणि संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला येते म्हणाली.

गावात बाजार भरला होता. रंगांचा, गंधांचा, हाकांचा बाजार. पिवळे भोपळे, जांभळी द्राक्षं, चाकाएवढी चीज, आणि त्या चीजचा असा काही वास की गुणवंतरावांनी छत्री उगाचच एकदा उघडून मिटली. पंचफुलाबाईंनी वांगी हातात घेऊन पाहिली, देठ दाबून पाहिले, नापास केली. पाववाल्या बाईनं "बाँज्यूर" म्हटलं, यांनी "रामराम" म्हटलं, आणि दोघींनाही पुरेसं बोलल्यासारखं वाटलं.

मग नदीकाठच्या बाकावर बसून त्यांनी तो हातभर लांब, कुरकुरीत पाव मोडला आणि डब्यातल्या जवसाच्या चटणीबरोबर खाल्ला. पाणी खळखळत होतं. घंटाघरातून टोल पडत होते, एकेक टोल डोंगरावर जाऊन परतत होता. गुणवंतराव अगदी खुशीत होते, कारण आपण गाव पाहायला आलो आहोत अशी त्यांची भाबडी समजूत होती.

पंचफुलाबाई गावासाठी आल्याच नव्हत्या.

एकतीस वर्षं हा माणूस जमिनीखाली उतरत आला होता. पहाटे उतरला, दुपारी उतरला, रात्री उतरला. काळा होऊन परतला, आंघोळ करून गोरा झाला, जेवला, झोपला, पुन्हा उतरला. भोंगा पंचफुलाबाईंना पाठ होता, बुटांचा चिखल पाठ होता, खोकला पाठ होता. ती जागा मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. बायकांना खाली जायला तेव्हा कायद्यानंच मनाई होती.

आणि वीस वर्षांपूर्वीचा तो एक दिवस. छत कोसळलं होतं. तुकडीतले सगळे अलीकडे निसटले, ओव्हरमन तेवढा पलीकडे राहिला. एकटा, सात तास. पंचफुलाबाई खाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. सात तास उभ्या होत्या, पाणीही न पिता. गुणवंतराव बाहेर आले, घटाघट तांब्याभर पाणी प्यायले आणि घरी चालू लागले. काय झालं होतं आत, असं पंचफुलाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "काई नाई. बसून होतो." वीस वर्षांत त्या उत्तरात एका शब्दाची भर पडली नव्हती. निवृत्तीनंतर तर ते तळघरातसुद्धा उतरत नसत.

आपल्या माणसाच्या आयुष्यातले सात तास आपल्याला ठाऊक नसावेत, याचा पंचफुलाबाईंना राग होता. वीस वर्षांचा, मुरलेला, खमंग राग. तो अंधार एकदा पाहायचा, आणि त्या सात तासांचा जाब तिथंच घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. लेकीनं खाणींचं नाव काढलं तेव्हाच ठरवलं होतं.

पाइनच्या सावल्यांतून, ओल्या पानांच्या तांबूस गालिच्यावरून पायवाट वर चढत गेली. वळणापाशी डोंगराला एक दार दिसलं. लहानसं, काळं, लाकडी चौकटीचं. त्यातून गार वारा येत होता. गुणवंतराव थबकले. तो वारा त्यांनी ओळखला. चेहऱ्यावरची सगळी खुशी झर्रकन उतरली, आणि ते दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले.

"मी इथं बसतो. तू पाहून ये."

"एकलीच जाऊ?"

"दहा जणं आहेत ना संगं."

"मले दहा जणांची खाण नाई पाहायची जी. तुमची पाहायची आहे."

"हे माई खाण नाई. हे चांदीची आहे."

"अंधार तं सारखाच असन ना!"

गुणवंतराव छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले. या माणसाचं गप्प बसणं म्हणजे काय असतं ते पंचफुलाबाईंना चांगलं माहीत होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते फ्रान्ससमोर दाखवलं नाही. तरातरा चालत त्या टेबलापाशी गेल्या.

टेबलामागे सोलांज बसली होती. थोराड बांध्याची, लालसर गालांची, घोगऱ्या आवाजाची वाटाडी. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव ती वहीत लिहून घेत होती, म्हणजे बाहेर येताना मोजून घेता येईल. पंचफुलाबाईंनी आपलं नाव सांगितलं. तिनं ते मोठ्या कौतुकानं, जीभ दातांत धरून लिहिलं. मग बाकाकडे बोट करून भुवया उंचावल्या. मस्यो? म्हणजे, यजमानांचं नाव?

आली का पंचाईत! एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पंचफुलाबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त लग्नामुंजीत, हळदीकुंकवात, उखाण्यात गुंफून. नुसतं, उघडंबोडकं नाव जिभेवर येईना. इथं उखाणा घ्यावा तर तो कळणार कोणाला? त्यांचं त्यांनीच येऊन सांगावं म्हणून त्या मागे वळल्या आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "अहो!"

गुणवंतराव जागचे हलले नाहीत. सोलांजनं मात्र समाधानानं मान डोलावली आणि नाव लिहून टाकलं.

फ्रेंच माणसाच्या तोंडी ह टिकत नाही. विरघळतो बिचारा. दहा मिनिटांनी सगळे हेल्मेटं घालून दाराशी उभे राहिले, सोलांज वही वाचू लागली, आणि शेवटचं नाव तिनं त्या घोगऱ्या, भरदार आवाजात डोंगरावर आपटलं.

"मस्यो आओ!"

बाकावर छत्री थांबली.

कोळसाखाणीत कोणी मराठी बोलत नसे. बिहारचे, तेलंगणाचे, छत्तीसगडचे, सगळ्यांची मिळून एकच भाषा, हिंदी. आणि त्या भाषेतही खाली अंधारात एका शब्दाचा अर्थ ठरलेला. पलीकडून कोणी "आओ" म्हणालं की जायचं. कोण बोलवतं, कशाला बोलवतं, विचारायचं नाही. हातातलं टाकून जायचं. एकतीस वर्षं गुणवंतरावांचे पाय त्या शब्दावर उठत आले होते.

आताही उठले. कोणी डोक्यावर हेल्मेट ठेवलं, कोणी हातात दिवा दिला, आणि हे भानावर आले तेव्हा दहा पावलं आत होते.

"हे बाई हिंदी बोलते का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"बोलत असन," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडावर धरला. हसू दाबताना हेल्मेट हलत होतं.

बोगदा अरुंद होता. छिन्नी-हातोड्यानं कोरलेला, माणसाच्या खांद्याएवढा, उभट. भिंतींवर ओल चमकत होती. कुठे लोहाची तांबडी धार, कुठे तांब्याची मोरपंखी झाक, कुठे चांदण्याचा चुरा सांडावा तसे अभ्रकाचे कण. थेंब पडत होते. टप्, थांबून टप्, पुन्हा थांबून टप्. प्रत्येक वळणावर सोलांज "मस्यो आओ" म्हणून मागे पाहायची, आणि प्रत्येक वेळी गुणवंतराव निमूटपणे पुढे जायचे. इतका आज्ञाधारक पाहुणा तिला त्या मोसमात मिळाला नव्हता.

आणि हळूहळू, वळणावळणानं, गुणवंतराव बदलत गेले. वाकलेली पाठ नीट झाली. छत्रीची मूठ वर करून त्यांनी छतावर टकटक केली, कान दिला, आणि "पक्कं आहे" म्हणून पुढे सरकले. मागे न बघता त्यांचा हात मागे यायचा आणि पंचफुलाबाईंचं डोकं बेतानं खाली दाबायचा. पुढच्या क्षणी तिथं दगड असायचाच. पाऊल कुठं टाकायचं, श्वास कुठं घ्यायचा, भिंतीला कुठं टेकायचं, सगळं त्या अंगाला ठाऊक होतं. पंचफुलाबाई बघत राहिल्या. घरी चष्मा न सापडणारा हा माणूस इथं राजा होता. त्यांना अभिमान वाटला, आणि इतकी वर्षं हे बघायला मिळालं नाही म्हणून वाईटही वाटलं.

बोगदा एका गोलघुमट दालनात उघडला. सोलांजनं सगळ्यांना भिंतीशी बसवलं. ओठांवर बोट ठेवलं, एक मिनिट अशी खूण केली, आणि एकेक करून सगळे दिवे मालवले.

अंधार झाला. निबिड, नीरंध्र, निःशब्द अंधार. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना असा. चारशे वर्षांचा, आणि त्याआधीच्या अगणित युगांचा. असल्या अंधारात हा माणूस सात तास बसला होता. एक मिनिट निघत नाही, आणि सात तास. पंचफुलाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. काही नको सांगायला, त्यांच्या मनात आलं, काही नको.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"त्या दिवशी सकाळी आपलं भांडण झालं होतं. आठवते?"

आठवत होतं. प्रणिताला शिकायला नागपूरला होस्टेलात ठेवायचं की नाही, यावरून. गुणवंतराव नाही म्हणाले होते आणि डबा उचलून निघून गेले होते.

"भांडण अर्धंच राह्यलं. मंग खाली अडकलो. दिवाबी गेला. काय करू? बसलो भांडत."

"कोणासंगं?"

"तुयासंगं. सात तास. मोठ्यामोठ्यानं. माया बाजूनं मी बोललो, तुया बाजूनंबी मीच बोललो. तुया आवाज काढून."

कोणी तरी घसा खाकरला. सोलांजनं "शूऽऽ" केलं. चंद्रपूरच्या बोलीला त्याचं काहीच वाटलं नाही.

"मंग?"

"मंग काय. हरलो."

दुसऱ्याच दिवशी गुणवंतरावांनी आपणहून पत्र्याची पेटी आणली होती, पोरीचे कपडे त्यात स्वतःच्या हातानं भरले होते. पंचफुलाबाईंना वाटलं, देवी पावली. तेव्हापासून दर चैत्रात त्या महाकालीला नारळ वाहत होत्या.

"म्हणजे ते देवीनं नाई केलं?"

"तूच केलं."

"आन् हे सांगाले वीस वर्षं लागले?"

"सांगितलं असतं तं घरात पुन्हा कधी जिंकलो असतो का मी?"

पंचफुलाबाई हसल्या. अंधारात, न दिसता, पोटभर हसल्या. मग जरा थांबून, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "मी असं काय म्हटलं जी शेवटी? कायनं हरले तुमी?"

थेंब पडला. टप्. थांबून, पुन्हा टप्. गुणवंतरावांचा हात चाचपडत आला आणि त्यांच्या हातावर विसावला.

"तू म्हटलं, बाकीचं नंतर पाहू. पयले बाहेर या."

दिवा लागला. मग दुसरा, मग तिसरा. भिंती परत आल्या, चेहरे परत आले. दहा अनोळखी माणसं डोळे चोळत इकडेतिकडे पाहू लागली, आणि त्यांना दिसलं की जांभळ्या साडीतली ती बाई हसते आहे, आणि तिचे गाल चिंब ओले आहेत. एकेक उठून वाटेला लागले.

गुणवंतराव उठले नाहीत. ओव्हरमन सगळ्यांच्या शेवटी निघतो. पंचफुलाबाईही उठल्या नाहीत. शेवटचं पाऊल वळणाआड गेलं तेव्हा दोघं निघाली. ते मागे, त्या पुढे, आणि पंचफुलाबाईंचा हात मागे ताणलेला, गुणवंतरावांच्या हातात.

वळण गेलं, दुसरं गेलं. दूर टोकाला उजेडाचा एक कवडसा दिसू लागला. पिवळा, पाइनहिरवा, थरथरता. तो वाढत गेला, वाढत गेला, दाराएवढा झाला. त्या दाराबाहेर या वेळी कोणी वाट पाहत उभं नव्हतं. वाट पाहणारी बाई आतूनच येत होती, माणसाला घेऊन येत होती, आणि बाहेर डोंगरभर ऊन पडलं होतं, नुसतं ऊन.