न वाजताच गाजलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे हो, सुरांची! कोरगावच्या देवळात भजनाला बसणारी. वय विचारू नका. माझ्या पांढऱ्या पट्ट्या आता चहाच्या रंगाच्या झाल्या आहेत, एवढेच सांगते.

सावंतवाडीच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. देवळात आले तेव्हापासून मला वाजवले ते दत्तारामबाबांनी. भाता किती अलगद हलवावा, ते त्यांनाच ठाऊक. वर्षातून एकदा भजनी सप्ताह होतो, त्यात गावातल्या प्रत्येक वाड्याची, म्हणजे वस्तीची, भजनाची पाळी असते. आमच्या वाड्याची पाळी आली की मी मधोमध! कौतुक खूप झाले, पण पेपरात मात्र माझे नशीब फुटके.

त्याचे कारण गोकुळदासबाब. पंचायतीचे निवृत्त सेक्रेटरी आणि आता गावचे वार्ताहर. सारा जन्म सभांची इतिवृत्ते लिहिण्यात गेला, तेव्हा गाण्यावरही ते तसेच लिहायचे. ‘अभंगाला सर्वानुमते टाळ्या मिळाल्या.’ ‘तबला दोन्ही हातांनी वाजवण्यात आला.’ ‘श्रोत्यांनी शेवटपर्यंत बसून सहकार्य केले.’ आणि माझ्याबद्दल? ‘पेटीही उपस्थित होती.’ बस्स! मी तासभर जीव ओतायचा आणि कागदावर फक्त माझी हजेरी! असा राग यायचा म्हणून सांगू! गाव मात्र देवळाच्या पायऱ्यांवर ते मोठ्याने वाचायचे आणि पोट धरधरून हसायचे. बिचाऱ्या गोकुळदासबाबांना वाटायचे, आपले लिखाण लोकांना भारी आवडते.

त्यांची आणखी एक खोड होती. पूर्वी बातमीचे पाकीट संध्याकाळच्या बसने पणजीला धाडावे लागे. भजन संपेपर्यंत बस निघून जायची. म्हणून ते दुपारी जेवून उठले की कार्यक्रमपत्रिका बघून घरीच सगळे लिहून टाकायचे. आता बातमी मोबाइलवरून जाते, पण खोड काही जात नाही.

पुढे मला वाईट दिवस आले. सप्ताह संपला की मला कोठीत नारळांच्या पोत्यांशेजारी टाकायचे, ते थेट पुढच्या सप्ताहापर्यंत. तिथे एका मेल्या उंदराने माझ्या भात्याची चव घेतली. सूर धापा टाकू लागले. गेल्या वर्षी देवस्थानचे अध्यक्ष सगुणबाब म्हणाले, “दत्तारामबाब, ही पेटी म्हातारी जाली. आता कीबोर्ड हाडूया.”

दत्तारामबाब कळवळले. “एक सप्ताह दी रे हिका. बरी वाजली नाय, तर मीच भंगारात देतलंय.”

भंगारात? मी? दत्तारामबाब तर गोकुळदासबाबांच्या घरी जाऊन सांगून आले, “यंदा पेटीबद्दल चार बरे शब्द लिही रे बाबा.”

पाळीचा दिवस उजाडला. दत्तारामबाबांची शिष्या सेजल पहिल्यांदाच गायला बसली होती. तिने अभंग सुरू केला, मी पहिली ओळ धरली आणि फस्स! भाता फाटला. मग सूर नाही की साद नाही. सेजलने डोळे मिटले आणि नुसत्या टाळ-मृदंगावर अभंग पुरा केला. गोड गायली हो पोरगी! मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. सगुणबाब म्हणाले, “उद्याच भंगारवाल्याक बोलयतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पायरीवर आणून ठेवले. तेवढ्यात पेपर आला. सगुणबाब वाचू लागले. ‘पेटीने तर कहर केला. तिच्या अखंड सुरांनी सभामंडपाचे खांब डोलण्यात आले. सूर इतके उंच गेले की मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाने आणखी एक फेरी मारल्याचे समजते.’

 सगुणबाबांना हसू असे फुटले की ते मटकन खालीच बसले. “रे देवा! वाजली नाय तेव्हा इतक्या, वाजली तर काय होतला!”

गोकुळदासबाब तिथेच उभे होते. “म्हणजे... पेटी वाजलीच नाय?”

“तुमी खंय होतास?”

“घरी. लिहीत होतंय.”

झाले! सगळी पायरी लोळायची बाकी राहिली. हसले नाहीत ते फक्त दत्तारामबाब. ते खांद्यावरच्या पंच्याने माझी धूळ पुसत होते. सगुणबाबांनी ते पाहिले आणि डोळे पुसत म्हणाले, “भंगारवाल्याक नको. पेपरात छापून इला, आता ता खरा करूक होया.”

हुश्श! मित्रांनो, इतके हलके मला नवी असतानाही वाटले नव्हते.

गोकुळदासबाबांनी स्वतः मला स्कूटरवर घालून मुळगावला नेले. तिथे पेट्या दुरुस्त करणाऱ्या बाबलीने नवा भाता बसवला. आता मी कोठीत राहत नाही. दर एकादशीला दत्तारामबाब मला उघडून वारा देतात. तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे वाद्य असेल, तर त्याला पोत्यांशेजारी टाकू नका हो. वाजवत राहिलात की ते जगते.

यंदाच्या पाळीला सेजलने तोच अभंग म्हटला आणि मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिच्यासोबत होते. समोर पहिल्या रांगेत गोकुळदासबाब मांडी घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात दोनच ओळी आल्या. पायरीवर कुणी हसले नाही. दत्तारामबाबांनी ते कात्रण माझ्या झाकणाच्या आतून चिकटवले आहे. ‘पेटी वाजली. ऐकता ऐकता लिहायचे राहून गेले.’