विमानतळाच्या वाटेवरची पाठराखीण

ऐका बाळांनो, जरा सरकून बसा. मी एक जुनी बस बोलतेय. वसईच्या गिरीज गावात केळीच्या वाडीला लागून एक घर होतं. घरात शत्रुघ्न म्हणून एक माणूस राहत होता, त्याची बायको हंसा, त्याची म्हातारी आई जयवंती, आणि अंगणात नारळाखाली मी. मला अक्षर वाचता येत नाही. माझ्या कपाळावर काय रंगवलंय तेसुद्धा मला लोकांनीच वाचून दाखवलं. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मी विसरत नाही, तेवढं मात्र आहे.

माझा सांगाडा कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका, जन्म कुणाला आठवतो? अंग बांधणारा मिस्त्री आठवतो. तो पत्रा ठोकायचा आणि शत्रुघ्न बाजूला उभा राहून त्याचं डोकं खायचा. "मागची सीट रुंद कर रे भाऊ. आमच्याकडच्या आजीबाया मांडी घालून बसतात." मिस्त्री म्हणाला, "मग बसच्या जागी पलंगच बांधतो ना!" पण सीट त्याने रुंद केली.

घरी आले तेव्हा जयवंतीने माझ्या चाकापुढे नारळ फोडला, कपाळाला कुंकू लावलं आणि मुलाला बजावलं, "ही माझी नात समज. हिच्यात बसलेलं मानूस वाटंत टाकून यायचं नाय. कोन पन असो." शत्रुघ्नने मान डोलावली, आणि कंपनीला आईचं नाव दिलं. जयवंती ट्रॅव्हल्स. कंपनी म्हणजे तो, मी आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त कॉन्रॅड. शत्रुघ्न चालवायचा, कॉन्रॅड दाराशी उभा. तो दमला की हा चालवायचा.

मी वऱ्हाडाची गाडी झाले. वटारहून नवरी, नायगावचा नवरा, हळदीची गाणी, बँडवाल्यांचे ढोल, पातेलंभर वडे, सगळं माझ्या पोटात. आमच्याकडच्या हळदी आणि चर्चमधली लग्नं, मला दोन्ही सारखीच. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे व्हायची. निघायची वेळ झाली की कोणीतरी नेमकं नाहीसं व्हायचं. मग दारातून हाळी यायची, "मामा राहिले! थांबा, मामा राहिले!" आणि आम्ही थांबायचो. वऱ्हाडाची गाडी घड्याळ बघून सुटत नाही, माणसं मोजून सुटते. मामा सापडले की कॉन्रॅड पत्र्यावर थाप मारायचा आणि मगच माझं चाक हलायचं.

पुढे घराघरांत मोटारी आल्या. वऱ्हाड स्वतःच्या गाड्यांनी जायला लागलं. लग्नसराई संपली की मी महिनोनमहिने नारळाखाली उभी. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या आणि जयवंती रोज सकाळी येऊन ती गोळा करायची. तेवढाच काय तो माझा उपयोग.

अशात एक दिवस कॉन्रॅड धापा टाकत वाडीत आला. त्याची भाची ब्रिटनी मुंबईला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात स्वागताच्या टेबलावर कामाला होती. तिने खबर दिली होती. शेजारशेजारच्या तीन हॉटेलांच्या आपापल्या गाड्या होत्या, पाहुण्यांना विमानतळावर नेणाऱ्या-आणणाऱ्या. आता तिन्ही हॉटेलांनी ठरवलं होतं की गाड्या पाळायची कटकट नको, एकाच बस कंपनीला काम देऊन टाकायचं.

"आपन घेऊ," शत्रुघ्न म्हणाला.

"आपन?" कॉन्रॅडने माझ्याकडे पाहिलं. कोंबडी नुकतीच खिडकीतून उडी मारून गेली होती.

"आपन. दोन नव्या गाड्या काढतो बँकेतून. किती दिवस लग्नाच्या तिथी बघत बसायचं?"

शत्रुघ्न हॉटेलांच्या फेऱ्या मारत राहिला, नकार ऐकत राहिला, पुन्हा गेला, आणि काम मिळवलंच. पण अट होती, दिवाळीपर्यंत चालवून दाखवा. जमलं तर काम तुमचं. नाहीतर नव्या गाड्या बँकेकडे, त्यांच्यावर ठेवलेले ड्रायव्हर घरी, आणि शत्रुघ्न परत नारळाखाली.

दोन पांढऱ्या, गुळगुळीत बहिणी आल्या. आत गार हवा, दार आपोआप उघडणारं. त्या खाडीकाठी नायगावला उभ्या राहायच्या, तिथून रोज पहाटे पूल ओलांडून मुंबईला जायच्या. मी राहिले कोंबड्यांपाशी. पुढचं जे सांगते ते आधी कॉन्रॅडच्या तोंडून ऐकलेलं. तो कामावरून आला की माझ्या पायरीवर बसूनच बूट काढायचा.

पहिला घोळ त्यानेच केला. दर अर्ध्या तासाला बस सुटायची, तसा नियम. बसमध्ये माणसं बसलेली, आणि एक आजोबा म्हणाले, खोलीत चष्मा राहिला. कॉन्रॅड म्हणाला, आणा की, आम्ही आहोत. आजोबा गेले. त्यांना शोधायला आजी गेल्या. दोघं परत येईपर्यंत बस तिथेच. त्याच बसमध्ये उन्नती नावाची एक मुलगी होती, नव्या नोकरीवर हजर व्हायला निघालेली. तिचं विमान चुकलं.

तिन्ही हॉटेलांच्या गाड्यांचं काम ज्ञानदा मॅडम बघायच्या. त्यांनी कॉन्रॅडला उभं केलं.

"मॅडम, म्हातारं मानूस. त्याला टाकून कसं येनार?" कॉन्रॅड म्हणाला.

"हे लग्न नाही, कॉन्रॅड. तुम्ही आजोबांची वाट बघितली. त्या मुलीची कोणी बघितली? ती बाकावर बसून रडत होती."

कॉन्रॅडने हे सांगितलं तेव्हा हंसा अंगणात तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. ती एवढंच म्हणाली, "बाई बोलली ते खोटं नाय."

मग शत्रुघ्नने कमरेला पदर खोचल्यासारखं मनावर घेतलं. घड्याळ म्हणजे घड्याळ. वेळ झाली की दार बंद. दोन-चार दिवस छान गेले, आणि मग एका गृहस्थांनी बॅग बसमध्ये ठेवली आणि पाण्याची बाटली घ्यायला आत गेले. बस सुटली. बॅग विमानतळावर, माणूस हॉटेलात, पासपोर्ट बॅगेत! तिकडे त्यांनी जो काही आरडाओरडा केला म्हणता! मॅडमनी फोनवर शत्रुघ्नला सांगितलं, "आता आणखी एक तक्रार आली तर दिवाळीची वाट बघणार नाही."

त्या संध्याकाळी शत्रुघ्न माझ्या चाकाला टेकून बसला होता. जयवंती ओटीवरून बोलली, "मी काय सांगितलेलं? मानूस टाकायचं नाय."

"आय, थांबलं तर एकाचं विमान जातं, नाय थांबलं तर दुसऱ्याचं. मी काय दोन तुकडे होऊ?"

"व्हा की," हंसा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी लग्न होऊन ह्या घरात आले तवा माझी आत्या पाठराखीण म्हनून आलेली ना? नवी नवरी सासरी एकटी पडू नये म्हनून सोबत येते ती. निघताना तिची चप्पल सापडंना. वरात थांबली का? नाय. मुहूर्त होता, तुमी मला घेऊन पुढं गेलात. आनि आत्याला पन कोनी टाकली नाय, मागनं काकांची जीप तिला घेऊन आली. पुढची गाडी वेळेवर गेली पायजे आनि मागं एक गाडी पायजे. एवढं साधं हाय."

"तिसरी गाडी कुठनं आनू?"

हंसाने सूप खाली ठेवलं आणि माझ्या पत्र्यावर हात मारला. "ही काय अंडी घालायला ठेवलीय?"

माझे कागद सरळ होते, पासिंग झालेलं होतं, गॅसवर चालत होते. पण ज्ञानदा मॅडमनी मला पाहिलं आणि नाक मुरडलं. लाल-पिवळी बस, वर झेंडूचा रंग! म्हणाल्या, हॉटेलच्या पुढच्या दारात ही नको, मागच्या गल्लीत उभी करा, जिथे भाजीचे टेम्पो येतात. तो गाणारा हॉर्न काढून टाका. दिवाळीपर्यंत बघू. कॉन्रॅडने हॉर्न काढला तेव्हा हंसा त्याला म्हणाली, "तोंड काय पाडतोस? गाडी चाकावर चालते, हॉर्नवर नाय."

तशी मी कामाला लागले. कॉन्रॅड चालवायचा, हंसा दाराशी बसायची. पांढरी बस घड्याळाच्या ठोक्याला सुटायची. कोणी मागे राहिलं की ब्रिटनी फोन करायची आणि आम्ही गल्लीतून पुढे यायचो.

काय एकेक माणसं! कोणी चार्जर विसरलेलं, कोणी नाश्त्याच्या टेबलावर फोटो काढत राहिलेलं. एक नवराबायको नुसती भांडणात अडकलेली, ती माझ्यात बसूनही भांडत होती, आणि उतरताना एकमेकांच्या बॅगा उचलून गेली. माणूस वरातीला निघू दे नाहीतर विमानाला, ऐन वेळेला त्याला तहान लागतेच. मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. पण मागे राहिलेल्याला कोणी रागावलं नाही तर तो पटकन चढतो, हेही पाहिलं आहे. हंसा कोणालाही "उशीर का झाला" असं विचारायची नाही. "या, पुढची मंडळी पोचतायत, आपन पन पोचू," एवढंच.

तक्रारी थांबल्या. दिवाळी जवळ आली आणि मोठ्या ऑफिसातून कौस्तुभ साहेब आले. काम कोणाला द्यायचं ते तेच ठरवणार होते. दोन दिवस राहिले, सगळं बघितलं, आणि परत जाताना म्हणाले, मी याच बसने विमानतळावर जातो.

सकाळची वेळ. मी गल्लीच्या तोंडाशी नाक काढून उभी. पांढरी बस भरलेली, शत्रुघ्न स्वतः चालवायला बसलेला. पुढची सीट साहेबांसाठी मोकळी. आणि साहेब काचेआड फोनवर! दर थोड्या वेळाने एक बोट वर करायचे, म्हणजे एक मिनिट.

वेळ झाली. शत्रुघ्नने इंजिन चालू केलं. मॅडम धावत पायऱ्यांवर आल्या. "थांबा! साहेब येतायत."

"मॅडम, वेळ झाली."

"अहो, साहेब आहेत ते!"

बसमध्ये एक बाई पोराला मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "निघायचं का?" शत्रुघ्नने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्याने कोणाला मागे सोडायला हौसेने गाडी हलवली नव्हती, आणि आता सोडायचं ते यालाच! त्याच्या कपाळावरचा घाम मला गल्लीतूनही दिसत होता.

हंसा माझ्या पायरीवर उभी राहिली आणि हात हलवून ओरडली, "निघा तुमी! मी हाय मागं!"

दार मिटलं. पांढरी बस सुटली.

साहेब बाहेर आले तर समोर रिकामी जागा. ज्ञानदा मॅडमनी कपाळाला हात लावला. कॉन्रॅडने मला पुढे घेतलं, पहिल्यांदाच, थेट हॉटेलच्या पुढच्या दारात. हंसा म्हणाली, "या साहेब. बसा."

साहेब चढले, बॅग मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "बस माझ्याशिवाय गेली?"

"हो. तुमच्याशिवाय गेली."

"मी कोण आहे ते ड्रायव्हरला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, साहेब. माझाच नवरा हाय तो. सकाळपासनं त्याला चहा गेला नाय तुमच्या धाकाने."

कॉन्रॅडने समोर रस्त्यावर नजर गच्च धरली.

"मग तरी गेला?"

"आत बसलेली मानसं पन कोनीतरी होतीच ना."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सिग्नलला मी उभी राहिले तेव्हा म्हणाले, "आणि माझं विमान चुकलं असतं तर?"

"तुमचं कशाला चुकंल?" हंसा म्हणाली. "मी आलेय ना, पाठराखीण."

त्यांना आम्ही वेळेत पोचवलं. शत्रुघ्न तिथेच होता, पाहुण्यांच्या बॅगा उतरवत. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, स्वतःची बॅग स्वतः उचलली आणि आत गेले. शत्रुघ्न तसाच उभा. "संपलं बहुतेक," तो म्हणाला. हंसा म्हणाली, "संपू दे. पुढची फेरी घ्या. मानसं थांबलीत."

दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन आला. आपण जिंकलो हे कॉन्रॅडने फाटकापासूनच ओरडून सांगितलं, त्यामुळे आधी शेजाऱ्यांना कळलं आणि मग घरच्यांना. तीन हॉटेलांचं काम पक्कं झालं होतं, आणि त्याच रस्त्यावरची आणखी दोन हॉटेलं जयवंती ट्रॅव्हल्सकडे आली होती. साहेबांची अट एकच, प्रत्येक हॉटेलाच्या मागे एक पाठराखीण गाडी हवी. त्यांनी शब्दही तोच लिहिला होता म्हणे. जयवंतीने ओटीवर बसून करंज्या वाटल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "माझ्या नातीने केलं!" हंसा हसून म्हणाली, "आनि सुनेनं काय नुसतं तांदूळ पाखडलं?" तेव्हा म्हातारीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडात करंजी कोंबली.

आज नायगावला खाडीकाठी आमच्या गाड्यांची रांग लागते. कॉन्रॅड नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. ब्रिटनी हॉटेल सोडून आमच्याकडे आली, सगळ्या गाड्यांचा फोन तीच बघते. शत्रुघ्न लग्नाच्या तिथी आता फक्त जेवणाच्या आमंत्रणासाठी बघतो.

मी म्हातारी झाले, मान्य. चढावर दम लागतो, मागचं दार कुरकुरतं. पण माझ्यासाठी भंगारवाला बोलावू नका, अजून माझं पासिंग आहे आणि माझी जिद्दही आहे. तुम्ही विमानाला निघालात तर वेळेवर या, हे आजीचं सांगणं. आणि तुमच्यातला कोणी मागे राहिला तर त्याच्या नावाने बोटं मोडू नका, त्याच्यासाठी एक गाडी मागे ठेवा.

आता येते मी, ब्रिटनीचा फोन वाजतोय. कॉन्रॅड आज सुट्टीवर आहे, त्याची गरजही नाही. हंसाने पन्नाशीत आधी लहान गाडीचा परवाना काढला, मग माझा. जयवंती तिला पहिल्या दिवशी ओवाळायला निरांजन घेऊन अंगणात उभी होती आणि शत्रुघ्न, ह्या कंपनीचा मालक, दाराशी उभा राहून पत्र्यावर थाप मारत होता, "जाऊ दे हंसा, जाऊ दे!" हंसा सरळ बसली, चावी फिरवली, आणि आम्ही दोघी रस्त्याला लागलो.