राबातला मोगरा

"ह्याचा बाप मेला तरी ह्यो मरायचा नाय, गुरुजी," लहानी म्हणाली आणि कुदळ बांधावर टाकून मटकन खाली बसली.

मी उभाच राहिलो. समोर तिचा राब होता. भाताची रोपं वाढवण्यासाठी दर उन्हाळ्यात शेण-पालापाचोळा पसरून भाजून घेतात, तो जमिनीचा तुकडा. पंधरा दिवसांपूर्वी तिनं तो भाजला होता. काळ्या राखेतून आता रुंद पानांचे हिरवेगार फुटवे जागोजागी वर आले होते. बांधाच्या कोपऱ्यात, जिथं आग पोचली नव्हती, तिथल्या झाडाला पांढरा गेंदही होता.

"वास बघा कसा गोड. आनि पान चुरगाळलं का मेलेली घूस."

मला तो वास ठाऊक होता. चार वर्षं माझ्या हातांना येत होता.

"पाखरांनी आनलं असंल बी," ती म्हणाली.

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, माझं मलाच कळलं नाही.

"आत्या, दुसरीकडं पेरा ना," तिची सून दर्शना बांधापलीकडच्या घराच्या दारातून म्हणाली.

"कुठं पेरू गो? खाली खाचरात पानी तुंबतं, वर कातळ. तुज्या डोक्यावर पेरू?"

दर्शना हसली. लहानी हसली नाही. रोहिणी लागल्या होत्या. आठवड्याभरात बी पडलं नाही, तर आषाढात लावायला रोप नाही, आणि दिवाळीनंतर घरात भात नाही.

लहानी मला गुरुजी म्हणायची. मी कधी कुणाला शिकवलं नाही. शहापूरच्या एका शाळेत पुस्तकं द्यायचो आणि परत घ्यायचो. हे तिला एकदा सांगायला गेलो होतो, पण वाक्य जुळेपर्यंत ती ओढा ओलांडून पाड्यावर पोचली होती.

निवृत्त झाल्यावर डोळखांब रस्त्याला लहानसं घर बांधलं. मागच्या बाजूला हजारी मोगऱ्याचा एक फुटवा लावला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला. दुसऱ्या वर्षी तो विहिरीपाशी निघाला. तिसऱ्या वर्षी न्हाणीघराची लादी उचलून आला. छाटला की दुप्पट फुटायचा. मग पुढच्या बाजूला येऊ नये म्हणून मी मध्ये फरशा उभ्या गाडल्या आणि दर मार्गशीर्षात मागचा सगळा खणून काढू लागलो.

खणायला लागलो त्या पहिल्याच वर्षी लहानीनं तो ढीग पाहिला. "फेकता कशाला? माज्या राबाला द्या. जंगलात टहाळ तोडाया आता कोन देतंय?"

तीन वर्षं तिनं ते भारे डोक्यावरून नेले. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, या विचारानं मला बरं वाटायचं. भाऱ्यांत मुळं होती. वरचा पाला जळला, खाली मातीत गेलेले तुकडे जगले. आणि या मोगऱ्याला आपल्याकडे बी धरत नाही, तो मुळांनीच पसरतो, हे मी वाचलेलं होतं. पाखरांचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या दुपारी घरात बसवेना. पुस्तक उघडलं, मिटलं. फेऱ्या मारल्या. सांगायचं वाक्य तीन तऱ्हांनी जुळवलं, तिन्ही खोटी वाटली. खिडकीतून पुढचं अंगण दिसत होतं. फरशांच्या अलीकडचं, उंचावरचं, दिवसभर उन्हाचं. तिथं माझे गुलाब होते. मोगऱ्याचं एकही मूळ तिथं मी येऊ दिलं नव्हतं.

ऊन उतरायच्या आत गुलाब उपटून झाले. हात सोलवटले. मग विचार आला, तिला हे नकोच असेल तर? पण गुलाब तर आता गेलेच होते.

सकाळी ओढ्यावर ती भेटली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"तो मोगरा माझा आहे," मी म्हणालो. "माझ्या भाऱ्यांतून आला. मला माहीत होतं. पुढची जागा मोकळी केलीय. तिथं राब भाज."

तिनं हंडा खाली ठेवला. माझ्या हातांकडे पाहिलं.

"कवापासून म्हाईत व्हतं?"

"गेल्या पावसाळ्यापासून. तुझ्या बांधावर पहिला फुटवा दिसला तेव्हापासून."

"येवढी बुकं वाचली," ती म्हणाली, "आनि एक वाक्य बोलाया वरीस लागलं?"

हंडा उचलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना फाटक वाजलं. लहानीच्या डोक्यावर शेणाची पाटी होती, दर्शनाच्या डोक्यावर गवताचा भारा. दोघी सरळ मोकळ्या केलेल्या जागेकडे गेल्या. वाऱ्याची दिशा बघून लहानीनं आग लावली. धूर घरात शिरला, कपाटांवर राखेचा पातळ थर बसला. मी तो पुसला नाही. दर्शनानं पाणी मागितलं, ते मी दिलं.

रोप चांगलं आलं. इतकं हिरवं माझ्या दारात कधी काही उगवलं नव्हतं. आषाढात दोघींनी ते उपटून, मुठी बांधून नेलं, आणि अंगणात नुसता चिखल आणि पावलं उरली.

आता मी रोज सकाळी खुरपं आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन तिच्या जुन्या राबात जातो. वीतभर जागा घेतो, माती बोटांनी चाळतो, सापडेल ते मूळ डब्यात टाकतो. डबा घरी आणून मुळं फरशीवर उन्हात कडकडीत वाळवतो. पाड्यातले लोक मला मोगरावाले म्हणतात. लहानी आता गुरुजीही म्हणत नाही.

काल ती खाचराकडे जाताना माझ्यामागे थांबली. मी चाळून पुढे सरकलो होतो, त्या मातीकडे तिनं पाहिलं. खाली वाकली, बोट खुपसलं आणि करंगळीएवढं एक पांढरं मूळ बाहेर काढलं.

ते माझ्या डब्यात टाकून ती पुढे गेली. मी मागे सरकलो आणि ती वीतभर जागा पुन्हा चाळायला घेतली.