पासवर्ड मालकाच्या नावाचा

शहराच्या कडेला, देवळाईकडच्या नव्या वसाहतींत माणसं आधी राहायला आली. पाण्याचा पाइप अजून यायचाच होता. इमारतींना नावं नद्यांची आणि आंघोळ मात्र टँकरच्या भरवशावर. त्यात दुष्काळाचं साल. त्या भागात मल्हाररावांचे टँकर फिरत. एके काळी कन्नड तालुक्याच्या डोंगरात मेंढरं राखणारे ते. आता त्यांच्या प्रत्येक टँकरच्या पाठीवर 'मल्हारराव वॉटर सप्लाय' असं हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं.

बायपासच्या कडेला त्यांचं पत्र्याचं ऑफिस. कोणत्या वसाहतीला कधी टँकर जाणार, ते तिथल्या कॉम्प्युटरवर ठरायचं. हे सगळं सून मेघानं बसवलेलं. ती माहेरच्या लग्नाला पिशोरला निघाली, तेव्हा प्रश्न पडला, खुर्चीवर बसणार कोण?

"आत्या बसतील," मेघा सासूकडं बघत म्हणाली.

बानाबाई खुलल्या. नातवंडांबरोबर पाटी घेऊन त्या उतारवयात अक्षरं शिकल्या होत्या, आणि कॉम्प्युटर मेघानं शिकवला होता. पण त्यांचा मुलगा रामेश्वर हसला. "माय बसंल? फोन आला की ती आधी लेकराबाळांची खुशाली इचारती. टँकर राहील बाजूला. त्यापरीस पगारी माणूस ठिवू."

"मला बसून तर बघू दे," बानाबाई म्हणाल्या. "चुकलं तर आण तुझा माणूस."

मेघा गेली. बानाबाईंनी खुर्ची झटकली, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं आणि बसल्या. काम नीट चाललं. लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र वसाहतीतल्या दगडाबाई धापा टाकत आल्या. नातीचं बारसं, घरात पाहुणे आणि हौद खडखडीत. बानाबाई त्यांचा नंबर लावत होत्या, एवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय. तुमच्या सिस्टिममध्ये व्हायरस शिरलाय. दुपारपर्यंत सगळं बंद पडेल. पासवर्ड सांगा, लगेच काढतो."

बानाबाईंना ऐकलेली गोष्ट आठवली. मागं एका दुसऱ्या टँकरवाल्याचा कॉम्प्युटर असाच कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केला होता. कुणाची पाळी कधी, काही कळेना. माणसं विहिरीवर एकमेकांच्या अंगावर धावली होती. आपण खुर्चीवर असतानाच हे व्हावं? सांगून टाकावं आणि सुटावं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

पासवर्ड होता मालकांचं नाव आणि पुढं एक दोन तीन. सगळ्यांच्या ध्यानात राहावा म्हणून मेघानंच तसा ठेवलेला. बानाबाई तो रोज बोटांनी टाकत. बोटांना कसली लाज? पण तोंडानं ते नाव त्यांनी लग्नापासून उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. परक्या माणसापुढं कसं घ्यावं?

"बोला ना मॅडम."

"आमच्या मालकांचं नाव हाय बघा. पुढं एक दोन तीन."

"मालकांचं नाव काय?"

"ते कसं सांगू?"

"क्या मतलब?"

"घेत नस्तेत हो बाबा, नवऱ्याचं नाव!"

दगडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "उखाणा घ्या की."

"गप बसा. इथं माझा जीव चाललाय अन् तुम्हाला उखाणा सुचतोय." बानाबाईंनी लिंबाच्या सावलीत बसलेल्या ड्रायव्हरला हाक मारली. "कडुबा! ये रं, ह्या सायबाला मालकांचं नाव सांग."

तसा फोनमधला आवाज बदलला. "किसी को मत बुलाओ! घरात कुणाला सांगायचं नाही. गुपचूप बोला."

बानाबाई थबकल्या. मेंढरं रानात बसवायचे दिवस त्यांना आठवले. अनोळखी माणूस आला आणि 'तुमची कुत्री बांधा' म्हणाला, की सासू आधी काठी हातात घ्यायची.

"बाबा, तू दुखणं काढायला आलास ना? मग माझ्या माणसाचं भ्या कशाला तुला?" आणि त्यांनी फोन ठेवला.

कडुबा आला. "कुणाला सांगायचं नाव, मावशी?"

"कुणालाच नाय. दगडाबाईंकडं टँकर ने."

आता हे झाकून ठेवावं, असं एकदा मनात आलं. कळलं तर खुर्ची गेलीच. पण पाण्याची पाळी चुकली तर शिव्या सगळ्या घराला. त्यांनी पिशोरला फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"मेघा, चुकलं गं माझं. अर्धा पासवर्ड सांगून बसले."

मेघानं मांडवाबाहेर येऊन आपल्या मोबाइलवरून तिथल्या तिथं पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली.

"म्हणलं व्हतं ना मी?" रामेश्वर म्हणाला.

"चूक माझी हाय," मेघा म्हणाली. "आपली किल्ली आपण टँकरवर रंगवून गावभर फिरवतो. त्या फोनवाल्यानं एक टँकर बघितला असता तरी काम झालं असतं. आत्यांनी लगेच सांगितलं म्हणून निभावलं. लपवलं असतं तर?"

मग तिनं सगळ्यांना बसवलं. ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा, लांबलचक, आणि तो टाकल्यावर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येणारा आकडाही टाकायचा. ड्रायव्हर लोक ऑफिसच्याच वायफायवर सिनेमे बघत; त्यांना वेगळं वायफाय करून दिलं. टँकरच्या नंबरांच्या यादीची नक्कल रोज दुसरीकडं काढून घरी न्यायची. आणि फोनवर कुणी काही मागितलं तर आपण फोन ठेवून, आपल्याकडं लिहून ठेवलेल्या नंबरावर उलटा फोन करायचा.

"म्हणजे माझं नाव काढलं?" मल्हाररावांचं तोंड पडलं.

"टँकरवर हाय की, मामा. तिथं शोभतं."

बानाबाईंनी सगळ्यांना पाठ करून उभं राहायला लावलं आणि आपला पासवर्ड टाकला.

आठवडाभरानं रामेश्वर घाईघाईनं ऑफिसात शिरला. "माय, मोबाइल घरी राहिला. तुझा पासवर्ड सांग पटकन."

"नाय."

"अगं, पोटचा पोरगा हाय मी!"

"व्हय. म्हणून च्या देते. पासवर्ड नाय."

"मग पुढच्या गल्लीला टँकर कसा धाडू?"

"मी हाय ना बसलेली. सांग, कुणाचा नंबर लावायचा?"

रामेश्वरनं समोरचं स्टूल ओढलं आणि एकेक नाव सांगायला लागला. बानाबाई लावत गेल्या.